उकिडवेबाई आणि टेंभेकरांची डिस्क

प्रेमला उकिडवे टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या. १९६८ साली त्या लागल्या तेव्हा पुण्याहून सोलापूरला बोलायचं तरी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. नव्वदनंतर गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले आणि ट्रंकचा हॉल रिकामा होत गेला. बाईंची बदली १९७ वर झाली. लोकांनी नाव सांगायचं, ऑपरेटरने नंबर सांगायचा. तिथे काही वर्षांनी जाड डिरेक्टऱ्या जाऊन काळ्या पडद्याचे संगणक आले. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती हिरवी अक्षरं. बाकीच्या ऑपरेटर त्या यंत्रांना नावं ठेवत. बाईंना ती आवडली. आपण एक ओळ लिहायची, त्याने एका ओळीत उत्तर द्यायचं, यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. १९९८ मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्यांचं वय पन्नास होतं.

घर सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. यजमान श्रीधरपंत खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, तेही निवृत्तीला आलेले. तळमजल्यावर संगणकाचा क्लास चाले. क्लासवाल्यांनी जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा बाईंनी त्यातलं एक वर आणवलं.

"काय करणार त्याचं?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"बघते."

"तीस वर्षं बघितलंस की."

यंत्रावर विंडोज होती. बाईंना ती पटली नाही. एखादी गोष्ट का झाली नाही हे ती सांगत नसे, नुसता एक चौकोन यायचा आणि 'ओके' म्हणायला लावायचा. महिन्याभराने एका संगणक-मासिकाबरोबर फुकट सीडी आली, तिच्यावर लिनक्स होतं. विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, पण कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही आणि विकतची नाही. बाईंनी ती चढवायला अकरा दिवस घेतले. बाराव्या दिवशी काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली आणि पुढे उभी रेघ लुकलुकत राहिली. एक्स्चेंजमधलं यंत्र असंच वाट पाहायचं.

लिनक्स बिघडलं तर तक्रार करायला कंपनी नसते. वापरणारेच एकमेकांना विचारतात. पुण्यात तेव्हा अशा लोकांचा एक गट होता. महिन्यातून एका शनिवारी एका कॉलेजातल्या वर्गात बैठक, आणि एरवी मेलिंग लिस्ट, म्हणजे एकाने पाठवलेली मेल सगळ्यांना जायची आणि ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं. त्या लिस्टची देखरेख मी करायचो. प्रश्न विचारणारे पुष्कळ, उत्तर देणारे सातआठ, आणि त्यांतल्या निम्म्यांचं उत्तर एकच असायचं: पुस्तिका वाचा.

२००० सालच्या मे महिन्यात 'पी. एस. उकिडवे' या नावाने उत्तरं येऊ लागली. छोटी इंग्रजी वाक्यं, शेवटी पूर्णविराम. कधी 'पुस्तिका वाचा' नाही. पहिलं वाक्य बहुधा हेच असे, की पडद्यावर जे आलं ते जसंच्या तसं लिहून पाठवा. लिस्टवरचे सगळे त्यांना 'उकिडवे सर' म्हणत. बाईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही. सप्टेंबरच्या बैठकीला फिकट निळ्या साडीतल्या एक बाई येऊन तिसऱ्या बाकावर बसल्या आणि हजेरीच्या कागदावर त्यांनी नाव लिहिलं, तेव्हा तो कागद वर्गभर पुन्हा एकदा फिरला.

त्या दिवशी विषय मोडेमचा होता. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून, मोडेम नावाच्या डबीतून यायचं आणि लिनक्सवर ती डबी चालवणं हे मोठं संकट होतं. गटातल्या एकाचं कर्वे रोडला छोटं ऑफिस होतं. त्याचं मोडेम तीन आठवडे रुसलं होतं आणि त्याने दोनदा सगळी प्रणाली नव्याने चढवली होती. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे दुसरा फोन आहे का?"

"आहे. वरच्या खोलीत, वेगळा नंबर."

"त्याची दोरी मोडेमपर्यंत येईल?"

"येईल."

"मग सोमवारी मला त्या फोनवरून फोन करा. मोडेम लागताना आवाज करतं ना, तेव्हा फोन त्याच्यापाशी धरा. बोलू नका."

सोमवारी त्याने तसं केलं. बाईंनी ती सगळी किरकिर दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, "संगणकाला हात लावू नका. तुमच्या लाइनीत पाणी आहे. लाइनमनला सांगून खांबावरचा डबा उघडायला लावा." डब्यात पाणी होतं आणि मुंग्याही होत्या. त्यानंतर लिस्टवर मोडेमचा प्रश्न आला, की बाकीचे गप्प बसत.

पुढे बाईंनी आपला घरचा नंबरच लिस्टवर देऊन टाकला. वेळ सकाळी अकरा ते एक, रविवार बंद. श्रीधरपंत म्हणाले, "आधी पगार तरी मिळत होता." पण पावणेअकराला ते स्वतः फोनशेजारचा स्टूल रिकामा करून ठेवत. चार-पाच वर्षं हे चाललं. औषधांचे दुकानदार, कॉलेजातले प्राध्यापक, खराडीच्या नव्या कंपन्यांतली मुलं, सायबर कॅफेवाले, सगळ्यांचे फोन येत. लोक बहुधा आपल्याला काय समजलंय ते सांगायला सुरुवात करत. बाई थांबवत. "दिसतंय ते वाचा. समजलंय ते नंतर सांगा." एकदा एक प्राध्यापक चिडून म्हणाले, की मी संगणकशास्त्र शिकवतो. "शिकवा," बाई म्हणाल्या, "पण आधी वाचा." प्राध्यापकांनी वाचलं. वाचतावाचताच त्यांना चूक सापडली आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

श्रीनिवास टेंभेकर यांचा पहिला फोन २००४ च्या दिवाळीनंतर आला. वय सहासष्ट, बियाणं महामंडळातून निवृत्त. पेठेतली भाड्याची जागा सोडून ते वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. सात वर्षं त्यांचं एकच काम चाललं होतं, टेंभेकर घराण्याचा कुलवृत्तांत. कोण कुणाचा मुलगा, कुठल्या गावी गेला, काय शिकला, कुठे नोकरी केली, मुलंबाळं किती. १९६१ साली त्यांच्या चुलत्यांनी एक छोटी आवृत्ती काढली होती, साठ पानांची. टेंभेकरांनी पत्रं पाठवून, पोस्टकार्डं मागवून, गावोगाव जाऊन ते काम चार हजार दोनशे माणसांपर्यंत आणलं होतं. लिनक्सवर मराठी जोडाक्षरं नीट येतात आणि त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, असं त्यांनी एका प्रदर्शनात पाहिलं आणि सगळा मजकूर त्यात टाइप केला. टाइप करून झालेली पोस्टकार्डं त्यांनी रद्दीत दिली. घरात जागा नव्हती, आणि सगळं संगणकात आलंच होतं.

बाईंचं आणि त्यांचं चांगलं जमलं. टेंभेकर दिसेल ते अक्षरन्‌अक्षर वाचत, मध्ये आपलं काही घालत नसत. बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "असा माणूस एक्स्चेंजला हवा होता."

२००५ च्या ऑगस्टमध्ये टेंभेकरांनी नवी डिस्क घेतली. कुलवृत्तांताची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर असावी, हे बाईंनीच त्यांना सांगितलं होतं. दुकानदाराने ती यंत्रात बसवून दिली. आता ती फॉरमॅट करायची होती, म्हणजे कोरी पाटी आखून घेतात तशी तयार करायची. टेंभेकरांनी शुक्रवारी साडेअकराला फोन केला.

त्या दिवशी बाराला श्रीधरपंतांचा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर होता. मोतीबिंदूची तपासणी होती, डोळ्यांत थेंब घालणार म्हणून एकट्याने जाऊन चालणार नव्हतं. रिक्षा खाली येऊन थांबली होती.

लिनक्स प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं. टेंभेकरांच्या यंत्रात ज्या डिस्कवर कुलवृत्तांत होता तिचं अक्षर बी होतं. नवीला डी मिळालं होतं.

"यादी आली का पडद्यावर? नवी कुठली ते वाचा," बाई म्हणाल्या.

टेंभेकरांनी वाचलं, "चाळीस जीबी, डी."

बाईंनी ऐकलं, "बी."

टेलिफोन खात्यात अक्षर कधी नुसतं सांगत नाहीत. बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली. तारेवर ही दोन अक्षरं सारखी ऐकू येतात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाईंनी स्वतः शेकडो नव्या मुलींना ते शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला, श्रीधरपंत दारात चपला घालून उभे होते. बाईंनी कमांड सांगितली, शेवटी बी.

"बी ना?" टेंभेकरांनी विचारलं. पडद्यावर डी दिसत होतं, पण त्यांना वाटलं, बाईंना माहीत असेल.

"हो, बी."

टेंभेकरांनी टाइप केलं. यंत्राने नकार दिला. टेंभेकरांनी तो अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवला: ही डिस्क वापरात आहे, इथे फॉरमॅट करणार नाही.

नुकतीच बसवलेली कोरी डिस्क वापरात असणार नाही, हे बाईंना एरवी तिथल्या तिथे कळलं असतं. त्यांना वाटलं, प्रणालीने ती आपोआप जोडून घेतली असेल. "आधी ती सोडवून घ्या," त्या म्हणाल्या आणि त्याची कमांड सांगितली. टेंभेकरांनी सोडवली आणि आधीची कमांड पुन्हा दिली. या वेळी यंत्राने काही हरकत घेतली नाही. मिनिटभर आकडे सरकत राहिले.

"झालं," टेंभेकर म्हणाले.

"छान. आता नक्कल करायची ती उद्या सांगते. मला निघायचंय."

डॉक्टरांकडून परत यायला अडीच वाजले. घरात पाऊल टाकलं तेव्हा फोन वाजत होता. टेंभेकर होते. आवाज नेहमीचाच. "बाई, माझी फाइल मला सापडत नाहीये. आपण बघता का जरा."

बाईंनी त्यांना यादी पुन्हा वाचायला लावली. "बी फॉर बॉम्बे की डी फॉर दिल्ली?" असं विचारलं. टेंभेकरांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "यंत्र आत्ता बंद करा. सरळ बटण दाबून. मी येईपर्यंत सुरू करू नका."

त्याच दिवशी संध्याकाळी लिस्टवर त्यांची मेल आली. लिस्टवर इंग्रजीत लिहायचा प्रघात होता. ही मेल मराठीत होती. ती मी जपून ठेवली आहे.

"आज सकाळी साडेअकरा वाजता वारज्याचे श्री. टेंभेकर यांची डिस्क माझ्या सांगण्यावरून पुसली गेली. त्यांनी डी म्हटलं, मी बी ऐकलं. त्यांनी एकदा विचारलं, यंत्राने एकदा अडवलं. दोन्ही वेळा मीच पुढे जा म्हणाले. त्यांची काही चूक नाही. पुसलेल्या डिस्कवरून मजकूर कुणाला काढता येत असेल तर कळवावं. तोवर यंत्र बंद ठेवलं आहे."

उत्तरं भराभर आली. बहुतेक सांत्वनाची होती. एकाने लिहिलं, की फुकट मदतीला हमी नसते, हे तर लिनक्सच्या परवान्यातच लिहिलेलं आहे, आपण मनाला लावून घेऊ नये. बाईंनी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं. "हमी नव्हती हे खरं. फोन मी उचलला होता हेही खरं."

दुसऱ्या दिवशी त्या बसने वारज्याला गेल्या. मीही बरोबर होतो. टेंभेकरांनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. टेबलावर यंत्र होतं, त्याच्यावर टॉवेल टाकला होता. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, काय झालं आणि कसं झालं. टेंभेकरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अडीचशे वर्षांत आमच्या घराण्यावरून दुष्काळ गेले, प्लेग गेला, पानशेतचा पूर गेला," ते म्हणाले. "सगळे एकदम कुणी पुसले नव्हते."

"चहा घेणार का?" टेंभेकरांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या. चहा पिऊन होईपर्यंत कुणी दुसरा विषय काढला नाही.

गटात तनुजा नावाची एक मुलगी होती. तिचं घर मूळचं खराडीचंच, वडिलांची शेती जिथे होती तिथे आता आयटी पार्क होतं आणि ती त्याच पार्कातल्या एका कंपनीत नोकरी करत होती. डिस्क फॉरमॅट झाली तरी तिच्यावरचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही, नुसती अनुक्रमणिका जाते, हे तिला ठाऊक होतं. तिने ती डिस्क पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत वाचून काढली आणि जिथे जिथे मराठी अक्षरं सापडली तिथले तुकडे उचलले. दोन आठवडे लागले. तुकडे हजारांवर निघाले, प्रत्येक अर्ध्या-पाऊण पानाचा. पण टेंभेकर रोज फाइल नव्याने साठवत. त्यामुळे जुने-नवे तुकडे एकात एक मिसळले होते, काही तीन-तीनदा आले होते आणि काही आलेच नव्हते.

तनुजाने छापलेले कागद टेंभेकरांच्या घरी जमिनीवर पसरले. टेंभेकर त्यांच्यामधून फिरले. एका तुकड्यात दामोदर होता, त्याची तीन मुलं होती, तिसऱ्याचं नाव अर्ध्यात तुटलं होतं. दामोदर कुणाचा ते दुसऱ्या कुठल्यातरी तुकड्यात होतं, आणि घराण्यात दामोदर नऊ होते.

"नातीच गेली की सगळी," टेंभेकर म्हणाले. "नावं राहिली."

बाई खाली बसून कागद वाचत होत्या. "फोन नंबर आहेत," त्या म्हणाल्या.

टेंभेकरांनी प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीखाली पत्ता आणि फोन नंबर लिहिला होता. तुकड्यांत असे सहाशे सत्तर नंबर निघाले. बाईंनी ते वेगळे उतरवून घेतले आणि सोमवारपासून एकेक फिरवायला सुरुवात केली. लिस्टच्या फोनची वेळ अकरा ते एक होतीच. ही नवी वेळ दुपारी दोन ते पाच. समोर कागदाचा तुकडा, हातात पेन्सिल. नाव विचारायचं, वडिलांचं, आजोबांचं, भावंडांची क्रमाने, आणि प्रत्येक नाव उलट वाचून दाखवायचं.

पहिले काही आठवडे लोकांना कळेचना की कोण बोलतंय. "टेंभेकरांच्या कुलवृत्तांतासाठी" म्हटलं की ते विचारत, "तुम्ही आमच्यातल्या कोण?"

"कुणी नाही. मी पूर्वी टेलिफोनमध्ये होते."

यावर मिरजेच्या एका गृहस्थांनी आपला फोन गेल्या वर्षी आठ दिवस बंद होता त्याबद्दल त्यांना दहा मिनिटं सुनावलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग त्यांच्या आजोबांचं नाव विचारलं.

पोस्टकार्डं घरातले पुरुष पाठवत. दुपारी दोन ते पाच फोन उचलत त्या बायका. हे बाईंनी ठरवून केलं नव्हतं, त्यांना तीच वेळ मोकळी होती. त्या बायका सासरच्या चार पिढ्या घडाघडा सांगत, बहुतेकदा यजमानांपेक्षा जास्त. मग बाई विचारत, "आणि तुमचं?" माहेर कुठलं, शिक्षण किती, काय केलंत. पुष्कळजणी म्हणत, माझं काय लिहायचं. बाई थांबत. थांबल्या की पलीकडून सुरू होई.

साताऱ्याकडच्या एका गावात गोदाबाई टेंभेकर होत्या, वय एक्याऐंशी. १९६१ च्या पुस्तकात त्यांची नोंद दोन शब्दांची होती, 'पत्नी गोदाबाई'. त्यांचे यजमान गावचे पोस्टमास्तर. गोदाबाई फोनवर म्हणाल्या, "यांना चाळिशीतच दिसेनासं झालं. अकरा वर्षं पोस्ट मी चालवलं. सही तेवढी ते करायचे, बोट मी धरायचे. हे लिहिणार का तुम्ही?"

"लिहिते," बाई म्हणाल्या. "पुन्हा सांगा. कुठल्या सालापासून?"

दर शनिवारी बाई त्या आठवड्याचे कागद घेऊन वारज्याला जात. टेंभेकर ते टाइप करत. साताऱ्याचा कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"हे घालता येणार नाही."

"का?"

"पुरावा काय? सरकारी नोकरी त्यांची, काम यांनी केलं म्हणे. उद्या कुणी हरकत घेतली तर?"

"टेंभेकर, तुम्हाला पोस्टकार्डावर जे आलं ते तुम्ही लिहिलंत. कुणी तहसीलदार होता म्हणून लिहिलं, कुणी कुस्तीगीर. त्यांच्याकडे पुरावा मागितलात?"

"ते वेगळं."

"कसं?"

टेंभेकरांनी कागद बाजूला ठेवला. ते म्हणाले, "पुस्तक माझं आहे, बाई."

"आहे. मी फक्त ऐकलं ते आणलंय. गाळायचं तर तुम्ही गाळा. मी गाळणार नाही."

पुढच्या दोन शनिवारी त्यांनी एकमेकांशी कामापुरतं बोलून घेतलं. तिसऱ्या शनिवारी बाई गेल्या तेव्हा टेंभेकर म्हणाले, की त्यांनी साताऱ्याला स्वतः फोन केला होता, गावातल्या एका जुन्या शिक्षकांशीही बोलले. "खरं आहे ते. गावात सगळ्यांना माहीत होतं." त्यांनी नोंद टाइप केली. पुढे ते बायकांच्या नोंदींवर काही बोलले नाहीत. मात्र कुणाच्या लग्नाचं साल चुकलं तर ते आनंदाने दाखवून देत.

हे चौदा महिने चाललं. सहाशे सत्तर नंबरांपैकी दीडशेच्या वर बंद होते किंवा दुसऱ्याच कुणाचे झाले होते. अकरा घरी बाईंनी ज्यांचं नाव घेतलं ती माणसं मधल्या काळात वारली होती, म्हणजे टेंभेकरांनी नोंद केली तेव्हा जिवंत, आता नाहीत. अशा घरी बाई नोंद पुरी करून घेत आणि फोन ठेवल्यावर उठून थोडं पाणी पीत. श्रीधरपंतांच्या मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया त्याच काळात झाल्या. डोळे चांगले झाल्यावर ते टेबलाच्या पलीकडे बसून तुकडे जुळवू लागले. कारखान्यात ते तपासणी विभागात होते, त्यांना न जुळणारी गोष्ट लवकर दिसे. "हा दामोदर तो नव्हे," ते म्हणत. "हा जन्मायच्या आधीच याला मुलगा झालाय."

लिस्टवर बाई तेवढ्या काळातही उत्तरं देत होत्या. डिस्क फॉरमॅट करण्याबद्दल मात्र फोनवर काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. कुणी विचारलं तर म्हणत, "मेल लिहा. लिहिलेलं दोघांना दिसतं." लोकांना हे अतिच वाटे. मला तसं वाटलं नाही, पण मी कधी त्यांना ते बोलूनही दाखवलं नाही.

कुलवृत्तांत २००७ च्या एप्रिलमध्ये छापून झाला. माणसं तीन हजार आठशे साठ. आधीच्या चार हजार दोनशेंपैकी हजाराच्या वर मिळालेच नाहीत, त्यांच्या जागी 'माहिती उपलब्ध नाही' असं छापलं आहे. उलट सातशेहून जास्त बायका अशा आहेत ज्या आधीच्या मजकुरात नव्हत्या, किंवा होत्या त्या नुसत्या 'पत्नी' म्हणून. प्रास्ताविकात टेंभेकरांनी लिहिलं आहे: "एका अपघाताने बराच मजकूर गेला. तो परत मिळवण्याचे कष्ट सौ. प्रेमला उकिडवे यांनी घेतले." अपघात कुणामुळे झाला ते त्यात नाही. बाईंनी मुद्रितं वाचताना तिथे पेन्सिलने 'माझ्या चुकीने' असं घातलं होतं. टेंभेकरांनी ते खोडलं.

प्रकाशन वारज्याच्या एका कार्यालयात झालं. दीडशे टेंभेकर जमले होते. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. जेवणाच्या वेळी बायका एकेक करून त्यांच्यापाशी येत, आपलं नाव सांगत आणि बाई आवाजावरून गाव ओळखत. "तुम्ही जळगावच्या. तुमच्या मागे पोपट ओरडत होता." हे पाहून टेंभेकर मला म्हणाले, "माझ्या घराण्याला माझ्यापेक्षा याच जास्त ओळखतात." ते कौतुकाने म्हणाले की तक्रारीने, हे मला नीट कळलं नाही.

नंतरच्या पाचएक वर्षांबद्दल सांगायला फार नाही. ब्रॉडबँड घरोघरी आलं, मोडेमची किरकिर बंद झाली, लोक प्रश्न सरळ इंटरनेटवर शोधू लागले. आमच्या बैठकीला आधी चाळीस जण येत, मग बारा, मग चार. तनुजाची कंपनीने बंगळूरला बदली केली. लिस्टवर आठवड्याला एखादी मेल येई, तीही बहुधा नोकरीची जाहिरात. २०१० मध्ये मी लिस्ट बंद करायचं ठरवलं आणि बाईंना विचारायला गेलो.

"करा," त्या म्हणाल्या. "फोन येत नाही आता कुणाचा. म्हणजे तुमच्यातल्या कुणाचा."

दुपारचे फोन मात्र येत होते. कुणाला नात झाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, की टेंभेकरांच्या घरांतून बायका बाईंना कळवत. टेंभेकरांना नव्हे, बाईंना. बाई ते एका फाइलमध्ये लिहून ठेवत आणि तिच्या तीन नकला तीन घरी ठेवत, एक आपल्याकडे, एक वारज्याला आणि एक माझ्याकडे. २०१२ मध्ये त्यातून चोवीस पानांची पुरवणी निघाली. टेंभेकरांनी मुखपृष्ठावर संकलक म्हणून बाईंचं नाव घातलं होतं. बाईंनी ते काढायला लावलं. टेंभेकरांच्या पुस्तकावर उकिडव्यांचं नाव कशाला, असं त्या म्हणाल्या.